अनेक कौन्सिल, एक ऑनलाइन सेवा: लैंगिक आरोग्याचा सामाईक करार कसा चालतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मूळची पुण्याची. सध्या इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्यात एम.एस्सी. करते आहे. लंडनमधल्या जवळजवळ सगळ्या कौन्सिल, म्हणजे आपल्याकडच्या महापालिकांसारख्या स्थानिक संस्था, मिळून लैंगिक संसर्गांच्या तपासणीची एकच ऑनलाइन सेवा चालवतात: वेबसाइटवर किट मागवायची, घरी स्वतःच नमुना घ्यायचा आणि पोस्टाने परत पाठवायचा. त्यावर प्रबंध लिहायचा विचार आहे. इतक्या कौन्सिल एकत्र का येतात? एकेकटीने का करत नाहीत? यात खरोखर पैसे वाचतात का? आणि जाता जाता, माझ्यासारख्या व्हिसावरच्या विद्यार्थिनीला ही किट मिळते का? कुणाला कळतं का?"

मी इंग्लंडमधल्या एका कौन्सिलच्या सार्वजनिक आरोग्य विभागात अकरा वर्षं हेच काम करते आहे. आमच्या भाषेत याला कमिशनिंग म्हणतात आणि ते करणाऱ्याला कमिशनर. लोकांची गरज काय ते ठरवायचं, सेवा चालवणारी संस्था निवडायची, करार करायचा, पैसे द्यायचे आणि ती संस्था काम नीट करते की नाही यावर डोळा ठेवायचा. दवाखाना आम्ही स्वतः चालवत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढची सगळी गुंतागुंत त्यातूनच येते.

सुरुवात कायद्यापासून करावी लागेल. २०१२ च्या आरोग्य आणि समाजसेवा कायद्याने १ एप्रिल २०१३ पासून इंग्लंडमध्ये लैंगिक आरोग्याची जबाबदारी तुकड्यांत वाटली गेली. संसर्गांची तपासणी आणि उपचार, तसंच गर्भनिरोधनाची खास क्लिनिकं कौन्सिलकडे आली. एचआयव्हीची औषधं आणि उपचार एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, एनएचएस इंग्लंड या संस्थेकडे गेले. गर्भपाताची सेवा एनएचएसच्या स्थानिक मंडळांकडे राहिली. फॅमिली डॉक्टर, म्हणजे जीपी, गर्भनिरोधक गोळ्या देतो त्या एनएचएसच्या करारात राहिल्या. रुग्णाला यातलं काही ठाऊक नसतं आणि असायचं कारणही नाही. एखादी मुलगी एकाच खोलीत बसून गोळ्या मागते, क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गाची तपासणी करून घेते आणि एचआयव्हीबद्दल विचारते. तिच्या त्या वीस मिनिटांचा हिशेब तीन वेगवेगळ्या तिजोऱ्यांत जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कौन्सिलने ही सेवा सर्वांना खुली ठेवलीच पाहिजे, असं कायदा सांगतो. खुली म्हणजे चिठ्ठी लागत नाही, पत्त्याचा पुरावा लागत नाही आणि माणूस देशातल्या कुठल्याही क्लिनिकमध्ये जाऊ शकतो. बिल मात्र तो राहतो तिथल्या कौन्सिलकडे पाठवण्याचा रिवाज आहे. ही तत्त्वं आजची नाहीत. १९१६ च्या नियमांनी काउंटी आणि मोठ्या शहरांच्या कौन्सिलांवर गुप्तरोगांच्या मोफत आणि गोपनीय उपचारांची सोय करण्याचं बंधन घातलं. खर्चाचा ७५ टक्के वाटा सरकार देत असे. तेव्हाही लंडन काउंटी कौन्सिलने शेजारच्या काउंट्यांना सोबत घेऊनच योजना उभी केली होती, कारण माणसं सरहद्द बघून आजारी पडत नव्हती. प्रबंधात हा इतिहास दोन परिच्छेदांत जरूर घ्या. सामाईक कमिशनिंगचं मूळ वेबसाइटच्या शोधात नाही, ते या खुल्या दारात आहे.

लंडनमधला किलबर्न हाय रोड तुम्ही पाहिला असेल. त्या रस्त्याच्या एका फुटपाथवर ब्रेंट कौन्सिल आणि समोरच्या फुटपाथवर कॅम्डन. ब्रेंटमध्ये राहणारा मुलगा वेस्टमिन्स्टरमध्ये कामाला जातो, दुपारच्या सुट्टीत सोहोतल्या ५६ डीन स्ट्रीट क्लिनिकमध्ये तपासणी करून घेतो आणि बिल ब्रेंटला येतं. लंडनमध्ये ३२ बरो, म्हणजे स्वतःची कौन्सिल असलेले विभाग, आणि सिटी ऑफ लंडन मिळून ३३ प्राधिकरणं आहेत. २०१३ नंतरच्या पहिल्या दोन वर्षांत या बिलांनी आमच्यासारख्या लोकांच्या नाकी नऊ आणले होते. प्रत्येक क्लिनिकचा दर वेगळा, फॉलोअपचा दर वेगळा, वर 'हा रुग्ण आमचा नाहीच' अशा तक्रारी. पुढे लंडनने एक सामाईक दरपत्रक बनवलं. कुठली सेवा दिली त्यानुसार दर, मग क्लिनिक कुठलंही असो. त्याच कार्यक्रमातून ऑनलाइन सेवेची सामाईक खरेदी निघाली. सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने पुढाकार घेतला आणि जानेवारी २०१८ मध्ये 'सेक्शुअल हेल्थ लंडन' ही सेवा सुरू झाली. किट आणि प्रयोगशाळेचं काम शेफील्डच्या प्रिव्हेंटेक्सकडे, डॉक्टर-नर्सची बाजू चेल्सी अँड वेस्टमिन्स्टर या एनएचएसची रुग्णालयं चालवणाऱ्या ट्रस्टकडे.

सामाईक करार कायद्याच्या दृष्टीने कसा उभा राहतो, हे पुण्याच्या माणसाला पटकन कळेल. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा, पीएमटी आणि पीसीएमटी, मिळून पीएमपीएमएल झाली, कारण पिंपरीहून स्वारगेटला जाणाऱ्या माणसाला महापालिकेची हद्द बघायची नसते. तिथे तोट्याचा वाटा पुणे ६० आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के. इथे वेगळी कंपनी काढत नाहीत. एक कौन्सिल पुढाकार घेते, पुरवठादाराशी मुख्य करार तीच करते आणि बाकीच्या तिच्याशी आपसातला करार करतात. १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यात एका कौन्सिलने दुसरीकडे काम सोपवण्याची तरतूद आहे, तिचा आधार असतो. जानेवारी २०२४ पासून आरोग्यसेवा विकत घेण्याचे नियम वेगळे झाले आहेत आणि दर वेळी उघड स्पर्धेची निविदा काढावीच लागते असं आता नाही. त्या आधीचे आणि नंतरचे करार तुलना करताना हे ध्यानात ठेवा.

करारांचं वाचन कंटाळवाणं असतं, पण आपसातला करार शब्द न् शब्द वाचा. मुख्य करारात पुरवठादाराचं काम लिहिलेलं असतं. आपसातल्या करारात कौन्सिल एकमेकींना काय देणं लागतात ते असतं. एखादी कौन्सिल मध्येच बाहेर पडली तर ठरलेल्या संख्येवरची सवलत टिकणार का? पुढाकार घेणाऱ्या कौन्सिलच्या कर्मचाऱ्यांचा पगार कोण देणार? एका कौन्सिलला १६ आणि १७ वर्षांच्या मुलांसाठी वेगळी वाट हवी असेल तर? या प्रश्नांवर मी जितक्या बैठका केल्या तितक्या वेबसाइटवर केल्या नाहीत.

एकत्र येण्याचे फायदे खरे आहेत. संख्या वाढली की किटचा दर उतरतो. एकच वेबसाइट, त्यामुळे बसस्टॉपवरची जाहिरात एकच. पिनकोड टाकला की तुमची कौन्सिल यात आहे की नाही ते कळतं आणि बिल आपोआप योग्य जागी जातं. गोपनीयतेच्या दृष्टीनेही बरं, कारण माझ्यासमोर येणाऱ्या बिलात नाव नसतं. संख्या, वयोगट आणि ढोबळ परिसर एवढंच असतं. एखादी छोटी कौन्सिल एकटीने हे सगळं उभारायला गेली तर तिच्या दोन माणसांच्या विभागाचं वर्ष त्यातच जाईल.

आता तुमच्या प्रबंधाचा गाभा जिथे असावा असं मला वाटतं, तिथे येते. किट घरी पोहोचवणं हा कामाचा सोपा अर्धा भाग आहे. किटमध्ये काहीतरी निघाल्यावर पुढे काय, हा अवघड अर्धा. आणि सामाईक करारात नेमका हाच भाग दोन खुर्च्यांच्या मधे पडतो, कारण ऑनलाइन सेवा तीस कौन्सिलांची मिळून असते आणि क्लिनिकचा करार प्रत्येकीचा आपापला.

उपचारांकडे बघा म्हणजे लक्षात येईल. क्लॅमिडिया निघाला तर डॉक्सिसायक्लिन, १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. या गोळ्या पोस्टाने पाठवता येतात. गनोरिया, म्हणजे परमा, निघाला तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या प्रतिजैविकाचं एक ग्रॅमचं इंजेक्शन स्नायूत द्यावं लागतं. ते पोस्टाने जात नाही. शिवाय इंजेक्शनच्या आधी कल्चरसाठी स्वॅब घ्यायचा असतो, म्हणजे जंतू औषधाला दाद देतो की नाही ते कळतं. थोडक्यात, गनोरियाचा प्रत्येक रुग्ण ऑनलाइनमधून निघून क्लिनिकच्या दारात उभा राहतो. सिफिलिसचं आणखी वेगळं. ज्याला पूर्वी सिफिलिस होऊन गेलेला आहे त्याच्या रक्तात अँटिबॉडी उपचारानंतरही वर्षानुवर्षं राहतात. त्याची तपासणी किटवर पुन्हा 'रिअ‍ॅक्टिव्ह'च, म्हणजे संसर्गाची खूण सापडली असंच, दाखवणार. नवा संसर्ग आहे की जुनी खूण, हे सांगायला क्लिनिकमध्ये वेगळी रक्ततपासणी लागते. अशा माणसाला मुळात किट पाठवूच नये. त्यासाठी वेबसाइटवर योग्य वेळी योग्य प्रश्न विचारायला हवा.

२०२३ मध्ये इंग्लंडमध्ये गनोरियाची ८५,२२३ निदानं नोंदली गेली. १९१८ पासून नोंदी ठेवल्या जातात, त्यातला तो सर्वांत मोठा आकडा. सुरुवातीच्या टप्प्यातल्या, म्हणजे पसरू शकणाऱ्या सिफिलिसची निदानं ९,५१३, म्हणजे १९४८ नंतरची तोपर्यंतची सर्वाधिक. या दोन्ही आजारांत माणसाला क्लिनिकमध्ये यावंच लागतं. तेव्हा 'आता सगळं ऑनलाइन झालं, क्लिनिकचं बजेट कापूया' असं कुणी नगरसेवक समितीत म्हणाला तर मी हे आकडे समोर ठेवते.

याला शास्त्रीय आधारही आहे आणि तो तुमच्या फार उपयोगाचा आहे. लंडनच्या लॅम्बेथ आणि साउथवर्क या दोन शेजारी बरोंमध्ये २०१५ मध्ये एसएच:२४ ही ना-नफा ऑनलाइन सेवा सुरू झाली. तिथेच १६ ते ३० वयाच्या २,०७२ जणांवर यादृच्छिक चाचणी झाली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटाला एसएच:२४ ची लिंक एसएमएसने पाठवली, दुसऱ्याला क्लिनिकांची यादी असलेली लिंक. सहा आठवड्यांत पहिल्या गटातल्या ५० टक्के लोकांनी तपासणी पूर्ण केली, दुसऱ्यात २६.६ टक्के. जवळजवळ दुप्पट. हा आकडा सगळ्या सादरीकरणांत असतो. त्याच चाचणीतले पुढचे आकडे कमी वेळा दिसतात. निदान झालेले २.८ विरुद्ध १.४ टक्के, उपचार झालेले १.१ विरुद्ध ०.७ टक्के. हे दोन फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता येत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर इमला बांधू नका. पण क्रम पाहा: तपासणी, निदान, उपचार. प्रत्येक पायरीला माणसं गळतात. मी कमिशनर म्हणून पैसे मोजते ते लोकांचा संसर्ग बरा व्हावा म्हणून. पहिल्याच पायरीवर टाळ्या वाजवून चालत नाही.

माझ्या अनुभवातला एक प्रसंग सांगते. मी काम केलेल्या एका सामाईक करारात ऑनलाइन सेवेचे रिअ‍ॅक्टिव्ह रिपोर्ट क्लिनिकला सुरक्षित ईमेलने जायचे. एका शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास एका तरुणाचा सिफिलिसचा रिपोर्ट गेला. ऑनलाइनवाल्यांनी त्यांच्या करारानुसार रिपोर्ट 'सुपूर्द' केला आणि फाइल बंद केली. क्लिनिकच्या करारात ऑनलाइनकडून आलेल्या रुग्णाला आपणहून फोन करायचा दरच नव्हता. रुग्ण दारात आला तरच बिल. त्या मुलाला एसएमएस गेला होता: 'कृपया क्लिनिकशी संपर्क साधा.' त्याने फोन लावला तेव्हा क्लिनिक सोमवारपर्यंत बंद. सोमवारी तो कामावर होता. त्याच्यावर उपचार झाले ते सतराव्या दिवशी. कागदावर दोन्ही संस्थांनी आपापला करार पाळला होता. चूक करार लिहिणाऱ्यांची होती आणि त्यांत मी होते. त्यानंतर आम्ही एक वाक्य घातलं: उपचार झाल्याची नोंद परत येईपर्यंत रुग्ण ऑनलाइन सेवेचाच. त्या वाक्याचे पैसे द्यावे लागले. नर्सचे तास वाढले, दर वाढला आणि दोन कौन्सिलांनी कुरकुर केली. मी आजही त्या वाक्यासाठी भांडेन.

पैसे वाचतात का, याचं उत्तर आता देता येईल. प्रत्येक तपासणीमागे वाचतात. लक्षणं नसलेल्या माणसाची किटवरची तपासणी क्लिनिकमधल्या भेटीपेक्षा स्वस्त पडते. पण एकूण बिल कमी होईलच असं नाही, याची दोन कारणं आहेत. एक तर सोय झाली की जे कधीच तपासून घेत नव्हते तेही घेतात. आरोग्याच्या दृष्टीने उत्तम, पण लेखा विभागाला ती 'मागणी वाढली' अशी दिसते. दुसरं, साधे रुग्ण ऑनलाइन गेले की क्लिनिककडे उरतात ते गुंतागुंतीचे. त्यांच्यासाठी वेळ जास्त लागतो. क्लिनिकला वर्षाची ठोक रक्कम देत असाल तर ती आपोआप उतरत नाही, आणि भेटीमागे पैसे देत असाल तर सोप्या भेटींचं उत्पन्न गेल्याने क्लिनिकचा ताळेबंद कोलमडतो. २०१५-१६ पासून सार्वजनिक आरोग्याच्या अनुदानात, महागाई धरून, माणशी एक चतुर्थांशाहून अधिक घट झाली आहे. या परिस्थितीत काही कौन्सिलांनी रोजच्या किटांवर मर्यादा घातली. सकाळी कोटा संपला की वेबसाइट म्हणते, उद्या या. कायद्याने जे दार सर्वांना खुलं आहे ते दुपारी बारा वाजता बंद होतं. मला हे पटत नाही. दवाखान्याच्या दाराशी 'उद्या या' अशी पाटी लागली असती तर वर्तमानपत्रात बातमी आली असती. पडद्यावरची पाटी कुणाला दिसत नाही.

पैसे कशाचे द्यायचे, हाही प्रश्न आहे. पाठवलेल्या किटचे, परत आलेल्या किटचे की प्रयोगशाळेत तपासता आलेल्या नमुन्याचे? मी एकदा स्वतः किट मागवून स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडली. लघवीची डबी, स्वॅब, तीन टोचण्या, चिमुकली नळी, चिकटपट्टी, परतीचं पाकीट. रक्तासाठी नळीवर एक रेघ असते, तिथपर्यंत ती भरायची. जानेवारी महिना होता. हात गार, बोट टोचलं, दोन थेंब आले आणि थांबले. दुसरी टोचणी. मग सूचनापत्रक पुन्हा वाचलं, हात गरम पाण्यात धरले, हात खाली सोडून झुलवला, उभं राहून बोट तळापासून टोकाकडे दाबत थेंब पाडले. रेघेच्या जरा खालीच राहिले. प्रयोगशाळेचा निरोप आला: नमुना अपुरा. माझ्याकडे वेळ होता, उजेड होता आणि इंग्रजी येतं. सहा जणांत एक बाथरूम वापरणाऱ्या घरातल्या माणसाकडे यातलं काय असेल? म्हणून मी बैठकीत 'परत आलेल्या किट' हा आकडा स्वीकारत नाही. रक्ताचे किती नमुने तपासता आले ते वेगळं मागते, आणि अपुऱ्या नमुन्यांची दुसरी किट पुरवठादाराच्या खर्चाने, असं करारात लिहून घेते. हे झाल्यावर सूचनापत्रकातली चित्रं लगेच सुधारतात.

आणखी एक गोष्ट तुम्ही आकड्यांत तपासा: ऑनलाइनकडे कोण येत नाही. माझ्या भागात ऑनलाइन वापरणाऱ्यांत विशीतल्या, शिकलेल्या, इंग्रजी सहज वाचणाऱ्या मुली भरपूर. आमच्या क्लिनिकमध्ये बसलेली गर्दी वेगळी दिसते. शिवाय १८ वर्षांखालच्या मुलांना जादा प्रश्न विचारले जातात: जोडीदाराचं वय काय, कुणी जबरदस्ती केली का. उत्तरात खटकणारं काही आलं तर माणसाने फोन करायचा असतो. तो फोन कुणी, किती तासांत करायचा, हे तीस कौन्सिलांच्या बालसंरक्षण पथकांशी जुळवणं हे खरं सामाईक काम आहे. प्रबंधासाठी मुलाखती घ्याल तेव्हा कमिशनरला भेटाच, पण ऑनलाइन सेवेत फोन करणाऱ्या नर्सला आणि क्लिनिकच्या रिसेप्शनवरच्या माणसालाही भेटा.

आता तुमच्या स्वतःच्या प्रश्नाकडे. तुम्ही इंग्लंडमध्ये जिथे राहता तो पिनकोड ज्या कौन्सिलचा, तिने ऑनलाइन सेवा घेतलेली असेल तर किट मोफत मिळते. विद्यार्थी असाल तर सध्या राहत असलेल्या ठिकाणाचा पत्ता द्यायचा. लैंगिक संसर्गांची तपासणी आणि उपचार इथे व्हिसा कुठलाही असला तरी मोफत आहेत, आणि ऑक्टोबर २०१२ पासून एचआयव्हीचे उपचारही. तुमच्या संमतीशिवाय जीपीला कळवत नाहीत. विद्यापीठाला किंवा घरी कळवण्याचा प्रश्नच येत नाही. पाकीट साधं असतं आणि दारातल्या पत्रपेटीतून आत येईल एवढं. घरात टपाल सगळ्यांच्या हाती लागत असेल तर काही ठिकाणी क्लिनिकमधून किट हाती घेता येते, ती सोय आहे का बघा. वेळही पाहा: संबंधानंतर क्लॅमिडिया आणि गनोरियासाठी दोन आठवडे, एचआयव्हीसाठी ४५ दिवस, सिफिलिससाठी १२ आठवडे झाले की तपासणीवर भरवसा ठेवता येतो. दुखत असेल, स्राव असेल, फोड आले असतील किंवा संबंध येऊन ७२ तास झाले नसतील आणि एचआयव्हीची भीती वाटत असेल, तर किट मागवत बसू नका. सरळ क्लिनिकला फोन करा. ७२ तासांच्या आत सुरू करायची प्रतिबंधक औषधं असतात आणि ती पोस्टाची वाट पाहू शकत नाहीत. क्लिनिक बंद असेल तर इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जा.